आयेचं थांबणं

“आये, पुढं बोल ना. काय झालं मालनमावशीकडे?”

गुणवंतीने पाण्याचा घोट घेतला. निमेशच्या तोंडाकडे पाहिलं. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “तिच्या... सुनेला... मुलगी झाली.”

निमेश भिंतीला टेकला. एवढंसं सांगायला केवढा वेळ!

नारळी पुनवेपासून हे चाललं होतं. लालबागच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकलेली बाई ती. गिऱ्हाईक भाव विचारेपर्यंत हिचं अर्धं पापलेट कापून झालेलं असायचं. आता त्र्याहत्तराव्या वर्षी तिच्या दोन शब्दांमध्ये माणूस चहा पिऊन येईल, असं निमेशला वाटे. त्याला वैताग यायचा, आणि मग वैतागल्याची लाज वाटायची.

तो स्वतः काही कमी दमलेला नव्हता. लोअर परळच्या ऑफिसात त्याला गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायच्या कामावरून उठवून कागद तपासायला बसवलं होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे नवं काम. घोडपदेवला घरी पोचेपर्यंत डोकं इतकं शिणलेलं असे, की साध्या कालथ्याचं नाव तोंडात येऊ नये. त्याची बायको रुचिका मग त्याचं वाक्य आपणच पुरं करी आणि ताट वाढायला घेई.

परळच्या एका हॉस्पिटलची माहिती रुचिकानेच आणली. वय वाढतं तसं धडधाकट माणसाचं बोलणं किती सावकाश होतं, मध्ये किती वेळ थांबतं, ते तिथे मोजत होते.

“आईंना घेऊन जा. तुलनेसाठी घरातलं कमी वयाचं माणूसही हवंय म्हणे,” ती म्हणाली. “तूच बस.”

“तू जा ना. मला...” तो कपाळ चोळत राहिला.

“रजा टाक एक दिवस. माझ्यासाठी.”

तिथे बोलणं तपासणारी नेरिसा गिरगावची. हसरी, अस्खलित मराठी बोलणारी. तिने आधी गुणवंतीशी एकटीशी गप्पा मारल्या. मग निमेशला आत बोलावून एक उतारा वाचायला दिला, बाजाराचं चित्र दाखवून त्यात काय दिसतं ते सांगायला लावलं. शेवटी मायलेकांना समोरासमोर बसवलं. “दहा मिनिटं काहीही बोला.”

ती दहा मिनिटं निमेशला तासासारखी वाटली. आये सुकटीच्या कालवणाबद्दल बोलत होती. बोलायची, थांबायची, त्याच्याकडे बघायची. तो तिचे थांबे मनात मोजत होता. आपली आये हातातून निसटत चाललीय.

आठवड्याने पुन्हा बोलावणं आलं. या वेळी रुचिकाही सोबत आली.

“वयाबरोबर वेग थोडा उतरतोच,” नेरिसा सांगू लागली. “थांबे वाढतात. त्यात आजार काही नसतो. आईंचं सगळं वयाला धरून आहे. उलट बरंच बरं आहे.”

“बरं?” निमेश म्हणाला. “मॅडम, घरी एक वाक्य... एक वाक्य संपत नाही तिचं.”

“माझ्याशी त्या मिनिटाला एकशे वीस शब्द बोलल्या. मालनबाईंच्या नातीचं बारसं, पाळणा, जेवण, सगळं एका दमात.” नेरिसाने त्याच्याकडे पाहिलं. “तुमच्याशी बोलताना सत्तर.”

निमेशची कानशिलं तापली. “माझ्याशीच? का? मी काय... काय केलं हिचं?”

गुणवंती मान खाली घालून पदराच्या काठावरून बोट फिरवत राहिली. रुचिका खिडकीबाहेर बघत होती.

नेरिसाने एक कागद पुढे सरकवला. त्यावर मेंदूच्या डॉक्टरांची वेळ होती, येत्या मंगळवारची. निमेशने सवयीने तो आयेच्या हातात दिला.

तिने तो घेतला आणि हळूच त्याच्यापुढे ठेवला. कागदावर त्याचं नाव होतं.

“शिमग्यापासून बघते, पोरा. शब्द शोधताना घामाघूम होतोस,” ती म्हणाली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्यासमोर तिचं बोलणं कुठे अडलं नाही. “आमच्या बोलण्यात तू मागं राहायला लागलास, म्हणून मी थांबायला लागले.”