लोंढ्याच्या पुढं

"लोंढ्याच्या पुढं कुठं उतरायचं, इचार तिला," भावकू बायकोला म्हणाला.

सून शालू माजघराच्या दाराआड तांदूळ निवडत बसली होती. सोप्यातलं सगळं तिला ऐकू येत होतं. पण सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायची नंदगडच्या त्या घरात रीत नव्हती. म्हणून गुणाबाईनं मान वळवून विचारलं, "कुठं उतरायचं गं?"

"कुळ्याला, आत्याबाई. क्यासलरॉकला गाडी लई वेळ थांबती. तिथं गाठोडी सोडून बघत्यात. मग घाट उतरला की फिरंग्यांचा मुलूख."

"कुळ्याला म्हनं," गुणाबाईनं नवऱ्याला सांगितलं.

"ऐकलं मी."

लेक अक्काताई लोंढ्याला दिली होती. तिच्या बाळाचं बारसं होतं. एवढं लोंढ्यापर्यंत जातोच आहोत, तर तसंच पुढं घाट उतरून गोव्यात शालूच्या माहेरी एक मुक्काम करावा, असं भावकूनं ठरवलं होतं. लग्न होऊन आल्यापासून शालूनं आईचं तोंड पाहिलं नव्हतं. गावच्या इनामदाराची मोटार होती, पण लढाईमुळं पेट्रोल मिळेना आणि मोटारीत आता कोंबड्या अंडी घालत होत्या. तेव्हा खानापूरपर्यंत बैलगाडी आणि तिथून आगगाडी.

"कुळ्यापासनं पुढं?" भावकूनं बायकोकडं बघतच विचारलं.

"पायवाट हाय," दाराआडून उत्तर आलं. "मधी एक ओढा. आत्याबाईंना गुडघ्याएवढं पानी लागंल."

"तिला गुडघ्याएवढं, म्हंजी मला घोट्याएवढं," भावकू म्हणाला.

आत कुणीतरी फस्‌कन हसलं. गुणाबाईनं चमकून नवऱ्याकडं पाहिलं. त्यांचा एकुलता मुलगा रवळू, शालूचा नवरा, पलटणीबरोबर इटलीला गेला आणि तिथंच राहिला. तो पडल्याची तार आल्यापासून या घरात शालू हसल्याचं दोघांनीही ऐकलं नव्हतं.

"इहीनबाईंना नवं लुगडं न्यावं म्हनते," गुणाबाई घाईनं म्हणाली.

"गाठोड्यात नगा घालू, आत्याबाई. कोरं कापड दिसलं की जकात मागत्यात. नेसूनच चला."

"आगं, मग येताना मी काय नेसू?"

"जुनं आत नेसा की."

आता तिघंही हसली. गुणाबाईला वाटलं, निघायच्या आधीच प्रवास पदरात पडला. तिनं विचारलं, "आन् तिकिटाचं कसं?"

"जाताना तिघांची," भावकू म्हणाला. "येताना दोघांची."

दाराआड सुपातला हात थांबला.

"दोघांची कशी?" गुणाबाईनं विचारलं.

भावकूनं गुडघ्यावरची धूळ झटकली. तिथं धूळ नव्हती. "तिला सांग, तिच्या आईशी मी बोलनार हाय. पोरगी अजून इशीची न्हाय. चांगला मानूस बघून पाट लावून द्या, आमची आडकाठी न्हाय, असं सांगनार."

गुणाबाईनं मान वळवलीच नाही. हा निरोप तिच्यानं सांगवेना. "मला इचारलं न्हाईसा," ती हळूच म्हणाली.

"इचारलं असतं तर तू नगं म्हनाली असतीस."

"व्हय. म्हनाले असते."

शालू बाहेर आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात सूप तसंच. ती गुणाबाईजवळ थांबली नाही. सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझं काय चुकलं, मामंजी?"

भावकूनं बायकोकडं पाहिलं, पण ती जमिनीकडं बघत होती. शेवटी तो सुनेलाच म्हणाला, "न्हाय गं पोरी. तुझं काय बी चुकलं न्हाय. परवा गोठ्यात तू म्हशीला सांगत हुतीस, आज डोस्कं लई दुखतंय म्हनून. मी भाईर वैरन तोडत हुतो. तवापासनं माझ्या घशाखाली घास उतरंना."

शालूनं मान खाली घातली. "तिला कळतंय," ती पुटपुटली.

"कळत आसंल. पर ती उठून सुंठ उगाळून देती व्हय? आमी दोघं आज हाय, उद्या न्हाय. मग या घरात तू कुनाशी बोलनार, सांग मला."

शालू सुपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. रस्त्यानं कुणाची तरी गाडी गेली. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब लांब गेला.

"आन् मला हिकडं यावंसं वाटलं तर?" शालूनं विचारलं.

"वाटलं तर म्हंजी? यायचंच. अक्काताई येती तशी यायचं." भावकूनं धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "पयल्या दिवाळसनाला मुराळी मीच येनार. त्या घरात आदीच सांगून ठेव, माझा बाप न्यायला येनार हाय म्हनून."

गुणाबाईनं सुनेच्या हातातलं सूप ओढून घेतलं. "बस हितं," ती म्हणाली. "आत अंधारात खडं दिसत न्हाईत. हितंच मिळून निवडू."

शालू दोघांच्या मधे बसली. गुणाबाईनं तांदळात बोटं घातली. थोड्या वेळानं भावकूनंही पुढं वाकून एक खडा उचलला आणि अंगणात भिरकावला. तिसऱ्या की चौथ्या खड्याला शालूचा पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला.

तिनं तो सावरला नाही.