पिंपाखालचा काला

आंबिलीचं मडकं डोक्यावर सावरत शिवम्मा बांधावर चढली आणि तिथंच थबकली. कडब्याचा कोप सासऱ्यांच्या अंगाला, त्यांच्या बाजूच्या ज्वारीत उभा होता.

हरलो आपण! कडब्याची ती एवढीशी खोप, आत येळवसेची, मार्गशीर्ष अवसेची, पूजा मांडलेली. पण शिवम्माचा सगळा जीव तिच्यात अडकला होता. सासरे कल्याणप्पा यांच्या घरची रीतच होती. ज्वारी जिथं सगळ्यांत जोमदार, तिथलीच चार ताटं मोडून जागा करायची आणि कोप घालायचा. पाहुण्यांनी जेवता जेवता पीक बघावं आणि मालकानं मिशीला पीळ द्यावा.

यंदा त्या कोपावर पैज लागली होती. शिवम्माचा नवरा महांतप्पा पुण्याहून एक खूळ घेऊन आला होता. परसात खड्डा, खड्ड्यात शेणाचा पातळ काला आणि वर लोखंडी पिंप पालथं. पिंपातून नळी थेट चुलीत. निजामाच्या मुलखात लढाईपायी रॉकेलची मारामार, आणि इकडं शिवम्माची चूल शेणाच्या वायूवर निळी जळत होती. धूर नाही, फुंकणी नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला तव्यावरची भाकरी डोळे न पुसता दिसली. उमरग्याच्या बाजारात तरी तिच्याएवढी सुखी बाई सापडली नसती.

म्हातारा मात्र बिथरला. "जाळ निघाला म्हंजी शेणाचा कस गेला. लोणी काढल्यावर ताकच ऱ्हातंय. असला चोथा माझ्या रानात न्हाय!"

"अप्पा, जळती ती नुसती हवा," महांतप्पा म्हणाला. "पिकाला लागतंय ते काल्यातच ऱ्हातंय."

बापलेकांचं जुंपलं. शेवटी रान निम्मंनिम्म केलं. पेरणीआधी एका अंगाला उकिरड्याचं शेणखत पडलं, दुसऱ्या अंगाला पिंपाखालचा काला. "कोप माझ्या अंगाला आला तर पिंप कापून म्हशीला पाण्याला ठिवणार," कल्याणप्पांनी बजावलं होतं.

आणि कोप त्यांच्याच अंगाला होता.

शिवम्मानं मडकं उतरवलं. भज्जी वाढली, बाजरीचे उंडे वाढले. पाहुणे हसतखिदळत जेवत होते, पण तिची नजर पलीकडच्या ज्वारीवरच होती. उद्यापासून पुन्हा ती फुंकणी. तिला तर आपल्या अंगाची ज्वारी काही कमी दिसत नव्हती. पण म्हातारा रानाचा पारखी. त्यापुढं आपलं काय चालणार?

तरी तिला राहवेना. "मामंजी," ती म्हणाली, "माझ्या अंगाची ज्वारी येवढी वाईट हाय का?"

कल्याणप्पांनी आंबिलीचा पेला तोंडाला लावला तो खाली घेईनात. शेजारचा कोंडीराम गालात हसला. कोप घालायला सकाळी तोच मदतीला होता.

"सांगा की, कल्याणप्पा," तो म्हणाला, "सकाळी इळा घिऊन कुठं हुबं होता तुमी?"

म्हातारा ओशाळला. मिशीवरची आंबील पुसून त्यानं पलीकडच्या ज्वारीकडं डोळे भरून बघितलं.

"वाईट कशाची? आदी तिथंच गेलतो, पोरी," तो म्हणाला. "पर असली ज्वारी मोडायला हात उचलंना."