पुण्याला पाठवलेला भात

"आबा, कुणीबी फोन उचलू नका. लाइन तुटली की पहिल्यापासून सुरू करायला लागतंय!"

निशानं आतूनच ओरडून सांगितलं. तिचे वडील बाबासो खुर्ची ओढून फोनपाशी ठाण मांडून बसले. पोरीचा पाच वर्षांचा घाम आता फोनच्याच तारेतनं पुण्याला जाणार होता. शाहूवाडीच्या डोंगरातले भाताचे जुने वाण, कुठल्या वाणाला कुठला रोग शिवत नाही, सगळी माहिती. त्या माहितीचं गणित पुण्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर व्हायचं होतं. दहा कॉलेजांत मिळून ते एकच मशीन, आणि निशाची पाळी उद्याची. गणित झालं की पीएचडी. पण त्याआधी माहिती फुटली, तर दुसराच कुणीतरी ती आपल्या नावावर छापून मोकळा.

म्हणून तर ती कुलूपबंद पाठवायची, वाटेत कुणाला वाचता येणार नाही, पोचेल त्या मशीनवरच उघडेल अशी.

"नवा पत्ता नीट घातलास न्हवं?" बाबासोंनी विचारलं. सकाळी पुण्याच्या केंद्रातून फोन आला, मशीन बदललंय म्हणून. तो आकड्यांचा पत्ता त्यांनीच कॅलेंडरवर लिहून घेतला होता.

"व्हय. पण कॉम्प्युटर म्हणतोय, हे मशीन ओळखीचं न्हाय. विश्वास ठेवू का?"

"ठेव की! फोनवर सूरज म्हणून पोरगा होता. आजोळ आपल्या बावड्यातच हाय म्हणाला. ठेवताना जयभीमबी केला. घरचाच माणूस की गं!"

निशाला हसू आलं. गाववाला भेटला की आबांचं संपलंच! तिनं 'हो' म्हणून सांगितलं आणि पासवर्ड घातला.

पावणेतीन तास लागले. शेजारच्या बाळाबाई फोन करायला आल्या, तर बाबासोंनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. शेवटची फाइल गेली तशी निशानं टाळ्याच वाजवल्या.

"आबा, पोचलं! एक अक्षर सांडलं न्हाय!"

बाबासोंचे डोळे भरून आले. "जिंकलीस पोरी," म्हणत ते गुळाचा खडा आणायला उठले.

तेवढ्यात फोन वाजला. निशानं उचलला. पुण्याच्या केंद्रातले साहेब बोलत होते.

"मॅडम, केव्हापासून फोन लावतोय. आज काही पाठवू नका. आमचं मशीन सकाळपासून बंद आहे."