मगरीच्या पोटातली घंटी

“हे कुणाला खरं वाटायचं न्हाई,” हिरासिंग बाजेवर मांडी ठोकत म्हणाला, “पण पूर्णेतल्या मगरीनं घंटी वाजवली अन् मिठानं लादलेले बैल डोहात नेले. ह्या कानांनी ऐकलंय मी.”

“मामा, वासरू सारखं सुटून जाऊन राहिलं,” सून नीलाबाई घरातून ओरडली. सकाळपासून ती माळ्यावरचा पसारा काढत होती. “गळ्यात कायतरी वाजणारं बांधू का?”

“बांध गं, सापडंल ते. गोष्टीत मधी नको येऊ.”

ऐकायला दोघंच होते. एक वसमतचा खाजा मिया. तांड्यात हळद खरेदीला आलेला, उन्हं उतरेस्तोवर टेकलेला. दुसरा तांड्यातलाच पेमा. गोष्ट त्याचीच, त्यामुळं त्यानं ती पुष्कळदा ऐकली होती. तो भिंतीला पाठ लावून चिलीम ओढत होता.

“औंढ्याला मोटार दिसत नव्हती तवाची गोष्ट, खाजाभाई. हा पेमा, नेमसिंग अन् मी, तिघं वसमतच्या एका शेठचं मीठ बैलांवर वाहायचो. अन् एक दिवस ह्या बाबाच्या डोक्यात आलं, आपलंच दुकान टाकायचं. सिद्धेश्वराच्या पल्याड, बाजारात.”

पेमानं तयारी मोठी केली होती. बायको रूपाबाईनं गोण्या स्वतः शिवल्या, त्यांवर कवड्या अन् आरसे जडवले. पेमानं तराजू आणला, पारडी चिंचेनं घासून लखलखीत केली. बसायची गादी आधीच शिवून ठेवली. तांड्यातलं जो तो ती दाबून बघून जायचा.

“अन् नेमसिंग जळून राहिला,” हिरासिंगनं आवाज खाली आणला. “भाकर गोड लागंना त्याला. काल माझ्या बराबर चिखल तुडवणारा हा पेमा आता गादीवर बसंल. अन् मी? मी त्याच्या दुकानाम्होरं पदर पसरल्यागत उभा राहून मीठ मागंन? माझी बायको रोज सांगंल, पेमाकडून आणा, पेमाकडं सस्तं हाय! त्याच्या तराजूचा आवाज आला तरी त्याचं डोस्कं उठायचं.”

खाजा मिया हसला. “नेमसिंगच्या पोटातलं तुमाला बरं ठाऊक!”

“पोट काय, सगळ्यांचं सारखंच असतंय.”

पेमानं चिलीम झटकली.

“आता आमच्या बैलांची रीत ऐका. घंटी एकालाच, म्होरक्याला. बाकीचे मान खाली घालून तिच्या मागं. डोळ्यानं न्हाई, कानानं चालतात ते. पेमाच्या म्होरक्याची घंटी त्याच्या बापाची. काठाला तडा गेलेली. इकडून ठोका पडला की ठण्, तिकडून पडला की ठक्.” हिरासिंगनं तोंडानंच वाजवून दाखवली. “ठण्... ठक्. ठण्... ठक्.”

“वा!” खाजा मिया खूश झाला.

“दुकानाचं पहिलं मीठ घेऊन आम्ही तिघं नदीवर मुक्कामाला थांबलो. पहाटे धुकं असं, की आपला हात आपल्याला दिसंना. गोण्या लादल्या. पेमा बघतो तर म्होरक्याचा गळा रिकामा! तो इकडं गवतात घंटी हुडकतोय, अन् तिकडं डोहाच्या अंगानं आवाज. ठण्... ठक्. झालं! बैल निघाले. पेमा ओरडतोय, शेपट्या ओढतोय. कोण ऐकतं! पाय टेकायचा उतार सोडून सगळे डोहात.”

“या अल्ला! बैल गेले?”

“बैल पोहून निघाले. मीठ विरघळलं. गोण्या अशा लोंबत होत्या, धुतलेल्या धोतरागत. पुढं कितीतरी दिवस खालच्या गावांनी कालवणात मीठ टाकलं न्हाई. मासे तर खारवलेलेच जाळ्यात यायचे.”

“अन् घंटी?”

“नेमसिंगनं सोडली होती, आणिक कुणी! लपवायला काठावर गेला, हातातनं निसटली, मगरीनं गिळली. मगर वळली की पोटात ठण्, बुडी मारली की ठक्. पेमाला हे मीच सांगितलं. दोस्ताला अंधारात कसं ठेवायचं?”

पेमाचं दुकान झालंच नाही. गादी रूपाबाईनं तांड्यातल्या एका बाळंतिणीला देऊन टाकली. पेमा जन्मभर दुसऱ्यांचा माल वाहत राहिला. नेमसिंग पुष्कळदा दारी आला, शपथा घेऊन रडला. पेमा त्याच्याशी बोलला नाही. गेल्या पोळ्याला नेमसिंग गेला. पेमा मयतीलाही उठला नाही.

ठण्... ठक्.

“माशाल्ला!” खाजा मियानं मांडीवर थाप मारली. “पुन्हा बराबर काढला आवाज!”

हिरासिंगचं तोंड मिटलेलं होतं.

ठण्... ठक्. गोठ्याच्या कोपऱ्यावरून वासरू उड्या मारत अंगणात आलं. मागून पदर खोचलेली नीलाबाई.

“लई गोड वाजते, मामा. माळ्यावर पार भुसकटाखाली व्हती, चिंध्यात गुंडाळलेली. इतकी जपून काहून ठेवली?”

“सोड ते वासरू,” हिरासिंग म्हणाला. “गोठ्यात ने त्याला. आधी ने!”

पेमा उठला. वासरू त्याच्याजवळ आपणहून आलं. त्यानं गळ्यातली घंटी हातात घेतली, उलटी केली आणि अंगठा काठावरून फिरवत एका जागी थांबवला.

“हिरासिंग,” तो म्हणाला, “मगर तुह्या माळ्यावर कवा चढली?”