आतली कडी

कित्येक दिवसांनी सुताराने हत्यारांची पेटी उघडली, तेव्हा बायकोच्या जिवात जीव आला. 'मन रमव दादा, कामाला लाग' असं सांगून धाकट्या दिराचं तोंड दुखलं होतं. सल्ले द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं. गोळ्या घेऊनही हा माणूस दिवस दिवस खोलीला आतून कडी लावून पडून राहायचा आणि ती बाहेर दाराला कान लावून बसायची.

आज तो त्याच दाराच्या आतल्या कडीचे स्क्रू काढत होता.

"बिघडली होती का हो?" तिने विचारलं.

"नाही. चांगली आहे."

"मग नवी बसवताय?"

त्याने नकारार्थी मान हलवली. स्क्रूच्या भोकांत लांबीचा लगदा भरला, पॉलिश पेपर घासला, सवयीने वरून अंगठा फिरवून पाहिला. तिथे कधी कडी होती हे कळू नये, इतकं सफाईदार काम. मग कडी तिच्या हातात दिली.

"कुठेतरी लपवून ठेव," तो म्हणाला. "मी मागितली तरी देऊ नकोस."