चाकूरवर दिसेनासं झालेलं विमान

विशाखाचा फोन टेबलावर थरथरला. त्यावर 'बाबा' असं नाव होतं.

या वेळेला बाबा कधी फोन करत नसत. सकाळचे पावणेआठ, म्हणजे त्यांच्या लेखी लेक आभाळात. प्रत्यक्षात लेक लातूरला, विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेच्या खोलीत रेडिओपुढं बसलेली. आभाळात होता शाळेतला शिकाऊ शिवम, एकटाच, नांदेडच्या वाटेवर.

तीन महिन्यांपूर्वी मेडिकल तपासणीत तिच्या डोळ्यांत दोष निघाला आणि उडणं कायमचं बंद झालं. शाळेनं दया दाखवून विमानांशी बोलायला रेडिओवर बसवलं. घरी कोणत्या तोंडानं सांगणार? गावी, चाकूरच्या विहारात, विमान उडवणारी लेक म्हणून तिचा सत्कार झालेला, ती शाल आईनं पेटीत जपून ठेवलेली. बाबांच्या मोबाइलवर नकाशाचं ॲपही तिनंच टाकून दिलं होतं. विमानातला ट्रान्सपॉन्डर 'मी इथं आहे, मी इथं आहे' असं क्षणाक्षणाला सांगत राहतो, आणि नकाशावर पिवळं विमान सरकतं. "हे पिवळं दिसलं की समजा मीच," ती म्हणाली होती. तेव्हा ते खरं होतं. खोटं झालं, तेव्हा मात्र तिनं तोंड उघडलं नाही.

विमान चाकूरवर आलं की बाबा गच्चीवर जाऊन पांढरा टॉवेल हलवतात, असं आई कौतुकानं सांगायची. ते ऐकून विशाखाला जेवण गोड लागत नसे.

बाबा, म्हणजे रामकिशन, एसटीत कंट्रोलर होते. चाकूरच्या स्टँडवर तीस वर्षं काढली, पण शेवटची गाडी आल्याशिवाय कधी डबा उघडला नाही. रिटायर झाले तरी खोड गेली नव्हती. रोज संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न तोच, "समदी इमानं आली का माघारी?" मागच्या महिन्यात त्यांनी शिवून घेतलेली उशी पाठवली. "खुर्चीवर बसून बसून पाठ धरती, घेत जा," म्हणाले. विमानातल्या सीटलाही बाबा खुर्चीच म्हणतात, म्हणून ती आधी हसली, मग उशी तोंडावर दाबून रडली.

फोन पुन्हा वाजला. तिनं समोरच्या पडद्याकडं बघितलं. चाकूरपर्यंत आलेलं पिवळं विमान आता कुठंच नव्हतं.

काय झालं ते तिनं ओळखलं. पुढं नांदेडच्या टॉवरनं शिवमला ट्रान्सपॉन्डरसाठी नवा कोड दिला असणार. कोड फिरवताना तो ट्रान्सपॉन्डर स्टँडबायवर, म्हणजे तात्पुरता गप्प, टाकतो आणि परत चालू करायचं विसरतो. दोनदा बोलणी खाऊन झाली होती त्याची. विमान आपलं मजेत चाललेलं असतं, फक्त कुणाला दिसत नाही. नांदेडला उतरणाऱ्या मोठ्या विमानालाही नाही.

पण बाबांना यातलं काय ठाऊक! त्यांच्या डोळ्यांदेखत लेक नकाशावरून पुसली गेली होती. ते गच्चीवर टॉवेल धरून उभे असतील, आणि दोन वर्षांमागंच त्यांना अटॅक येऊन गेलेला.

फोन तिसऱ्यांदा वाजला. उचलावा तर सगळं खोटं उघडं पडतं. न उचलावा तर म्हाताऱ्याचं काळीज तिथंच फुटायचं. तिनं हात पुढं केला, मागं घेतला. आईच्या पेटीतली शाल आठवली, विहारातल्या टाळ्या आठवल्या. शी! बाप तिकडं जीव मुठीत धरून बसलाय आणि मला माझ्या अब्रूची पडलीय.

चौथ्यांदा वाजला. पाचव्यांदा तिनं उचलला आणि त्यांना बोलूच दिलं नाही.

"बाबा, मी पडले न्हाई. मी खालीच हाय. तीन महिने झाले, मी उडतच न्हाई. तुम्हाला फसवलं, बाबा. मला माफ करा."

पलीकडं बाबांना धाप लागली होती.

"म्हाईत हाय मला, माय, लई दिसापासनं. तू रेडिओवर हायस म्हणून तर फोन करून राहिलो. वर कोणाचं लेकरू हाय? त्याला आवाज दिलास का?"