एकाच रेघेचा ठिपका

जरा जवळ सरका मायबापहो, एवढीशी गोष्ट आहे.

फोन कंपनीत एक इंजिनिअर होता. चाळीस कोटी ग्राहक म्हणजे त्याला चाळीस कोटी ठिपके, आणि जे एकमेकांशी बोलतात त्यांच्यामध्ये एक रेघ. हे अवाढव्य जाळं तपासताना मशीन तीन आठवडे रोज अडकून बसत होतं. "आज नाही जमलं, तर काम दुसऱ्याला देतो," साहेबांनी बजावलं. त्यात आईचा फोन, सकाळपासून चौथा. "जेवलो गं! डोकं नको खाऊस!" म्हणत त्याने फोन कट केला.

शेवटी वैतागून त्याने युक्ती लढवली. ज्या ठिपक्याला एकच रेघ, त्याची जाळ्यात किंमत ती काय? तो गाळायचा. त्यामुळे आणखी कुणाला एकच रेघ उरली, तर पुढच्या फेरीत त्यालाही गाळायचं. अकरा मिनिटांत काम फत्ते!

"शाब्बास! आता तुझाच नंबर शोधून दाखव," साहेब म्हणाले.

त्याने शोधला. नंबर नव्हताच.

"असं कसं? मला दोन रेघा आहेत, तुमची आणि आईची!" चरफडत त्याने नोंदी उघडल्या. पहिल्याच फेरीत आई गळली होती. तिला एकच रेघ होती, त्याची.



ती गेली, म्हणून दुसऱ्या फेरीत तो गळला; मायबापहो, त्या माउलीची तेवढी आठवण ठेवा.